एका सुराची सुपारी

पुतणीचं लग्न ठरलं आणि दादाच्या घरी कामांची वाटणी झाली. कार्यालय आणि आचारी दादानं स्वतःकडे ठेवले, साड्या आणि मानपान वहिनीकडे गेलं, हिशेबाची वही चुलतभावाकडे, कारण त्याचं अक्षर चांगलं आणि मूठ घट्ट. सगळी कामं वाटून झाली तेव्हा खोलीत दोनच गोष्टी उरल्या होत्या, वाजंत्री आणि मी. दादानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "संगीत तू बघ." लहानपणी मी पेटी शिकायला जात असे, हा या नेमणुकीचा जाहीर आधार. सव्वा महिन्यात पेटीच्या मास्तरांनीच मला सोडलं होतं, हे गुपित फक्त मास्तरांना आणि मला ठाऊक होतं, आणि मास्तर आता हयात नाहीत.

वाजवणाऱ्याशी व्यवहार ठरला की आपल्याकडे त्याला 'सुपारी दिली' म्हणतात. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे जाऊन आपापल्या जत्रेची सुपारी देऊन येतात. लग्न ठरलं की सुपारी फुटते. पूजेला मूर्ती नसली तर सुपारीच गणपती होऊन तांदळावर बसते. आणि मुंबईत कुणाचा काटा काढायचा असला तरी द्यावी लागते ती सुपारीच. एवढंसं टणक फळ, पण मराठी माणसाचे आनंदाचे, भक्तीचे आणि वैराचे सगळे करार त्याच्या साक्षीनं होतात. खिशात छोटी डायरी घालून मी घराबाहेर पडलो तेव्हा यांतली नेमकी कुठली सुपारी माझ्या हातून दिली जाणार आहे, याची मला खात्री नव्हती.

लग्नाचं संगीत म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर 1978 चा मे महिना येतो. धाकट्या आत्याचं लग्न, मी आठ वर्षांचा. वरातीपुढे बँड होता. सगळ्यांचे लाल कोट एकाच मापाचे आणि आतली माणसं निरनिराळ्या मापांची, त्यामुळे कुणी कोटात राहायला आल्यासारखा दिसत होता, तर कुणी कोटातून निघून जाण्याच्या तयारीत. दोन्ही बाजूंना गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन बायका चालत होत्या. त्या उजेडात न्हालेली वरात मागे सरकत असलेल्या अंधारातून एखाद्या पेटलेल्या गलबतासारखी हळूहळू पुढे जात होती. आम्हा पोरांचं लक्ष मात्र क्लॅरिनेटवाल्याकडे. वाजवणाऱ्यासमोर उभं राहून चिंच चोखली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि वाद्य बंद पडतं, हे शास्त्र आमच्या गल्लीत पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. मी चिंचेचा गोळा घेऊन त्याच्यापुढे उलटा चालत राहिलो, चौकापासून देवळापर्यंत. त्यानं माझ्यावर नजर रोखली आणि वाजवत राहिला. वरात संपल्यावर त्यानं बोटानं खूण करून मला बोलावलं. आता कान पिळला जाणार म्हणून मी डोळे मिटले, तर तो म्हणाला, "आता दे की ती चिंच." मी दिली. कोटाची दोन बटणं सोडून, पायरीवर बसून त्यानं ती इतकी मनापासून चोखली, की शेवटी तोंडाला पाणी सुटलं ते माझ्या.

त्या रात्री सगळ्यात जास्त वाजलं ते आदल्या वर्षी आलेल्या 'आदमी सड़क का' या चित्रपटातलं गाणं, ज्यावर आजही नवरदेवाचे मित्र रुमाल दातांत धरून नाचतात. त्याचे संगीतकार रवी. मित्र नवरदेव झाल्याचा आनंद याच रवींनी 1960 सालीच 'चौदहवीं का चाँद'मध्ये साजरा करून ठेवला होता, आणि पाठवणीला भल्याभल्यांना पाघळवणारं 'नीलकमल'मधलं 1968 चं गाणंही त्यांचंच. तिन्ही गाणी गायली मोहम्मद रफींनी. म्हणजे नवरदेवाला घोड्यावर चढवण्यापासून नवरीच्या बापाला रडवण्यापर्यंत निम्म्या हिंदुस्थानची लग्नं दोन माणसांनी लावली, आणि एकाही पत्रिकेच्या निमंत्रकांत त्यांचं नाव नाही. बँडची पितळी वाद्यंही अशीच दूरची. मेरठच्या जली कोठी भागात ती घडतात, तिथला सर्वांत जुना कारखाना 1885 पासूनचा. तासगावातल्या आत्याच्या वरातीसाठी उत्तरेतल्या कुणा तांबटानं पितळ ठोकलेलं असावं, या विचारानं मला अजूनही बरं वाटतं.

संशोधनाची सुरुवात घरापासून करावी म्हणून मी आत्याला फोन केला. आता ती सत्तरीच्या पुढे आहे. विचारलं, "तुझ्या लग्नात बँडनं वरातीत आणखी काय काय वाजवलं गं?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिनं विचारलं, "माझ्या लग्नात बँड होता?" मी कोट सांगितले, गॅसबत्त्या सांगितल्या, चिंच सांगितली. ती म्हणाली, "असेल बाबा. मला आपला अंतरपाट तेवढा आठवतो. खालच्या कोपऱ्यात त्याला रफू केलेलं होतं. ते कुणी केलं असेल, याचाच विचार मी अष्टकं संपेपर्यंत करत होते." मी डायरीत 'आत्या' असं लिहिलं आणि पुढे काही न सुचल्यामुळे त्याखाली रेघ ओढली.

पहिली भेट साऊंडवाल्याची. दुकानात काळ्या पेट्यांची भिंत, तिच्यासमोर एक अतिशय नम्र तरुण. त्यानं मला चहा दिला, खुर्ची पुसून दिली आणि 'चार बेस, चार टॉप, शार्पी लाइट वेगळे' असा हिशेब मांडला. मग विश्वासात घेतल्यासारखं म्हणाला, "काका, बेस छातीत लागला पाहिजे." माझ्या छातीत दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी स्टेंट बसवला आहे, आणखी काही लागायला तिथे जागा असेलसं वाटत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो जरा हिरमुसला. मी नियमांचं विचारलं. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हे त्याला तोंडपाठ होतं. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घातली आहे. समोरासमोर बसून दोन माणसं बोलली की आवाज साधारण त्याच्या आसपास जातो, आणि आमचा दादा चहा मागतो तेव्हा तर तो केव्हाच पलीकडे गेलेला असतो. या आकड्यावर मात्र तो तरुण नुसता हसला. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर थोर माणसं हसतात तसा.

आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे परवानगीशिवाय मला काही पचत नाही. दुसऱ्याची गाणी लग्नात वाजवायची तर हक्काचं काय, हे मी शोधून काढलं आणि चकित झालो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 52 वं कलम आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत वाजवलेल्या संगीतानं हक्कभंग होत नाही, असं त्यात म्हटलं आहे, आणि धार्मिक विधीत लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभही येतात, असा खुलासा पुढे जोडला आहे. त्या रुक्ष कलमांच्या जंगलातून अचानक वरात निघालेली पाहून मला भरून आलं. मसुदा लिहिणाऱ्या सचिवाच्या खिडकीखालून त्याच वेळी एखादी वरात गेली असावी आणि लेखणी क्षणभर तिच्या मागे चालत गेली असावी. हे 'इतर समारंभ' नेमके कुठे संपतात यावर अजून वाद होतात. 2024 मध्ये गोवा सरकारचं या विषयावरचं एक परिपत्रक उच्च न्यायालयानं रद्दही केलं. पण लग्नातले समारंभ कुठे संपतात हे वधुपित्यालासुद्धा सांगता येत नाही, तिथे न्यायालयानं तरी काय करावं?

डायरी अशी भरत चालली तसतसं माझ्या लक्षात येऊ लागलं, की वाजंत्र्यांशी आपलं वागणं मोठं गमतीचं आहे. त्यांच्यावाचून लग्न सुनं वाटतं, पण ते वाजवू लागले की ऐकायला कुणाला वेळ नसतो. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस-एकोणीस अक्षरांत साऱ्या नात्यागोत्याला कोंबणाऱ्या मावशा आपल्या ओळखीच्या आहेतच. पण जुन्या, प्रचलित मंगलाष्टकांत एक ओळ अशी आहे, की जिच्यात वाजंत्र्यांना फार गलबला करू नका, असं चक्क बजावलं आहे. एवढ्या मोठ्या विधीत नद्या येतात, देव येतात, ग्रह येतात, आणि वाजवणाऱ्या बापड्यांचा एकदाच उल्लेख येतो, तोही त्यांना गप्प बसवण्यासाठी. लगेच पुढच्या मिनिटाला सगळे हात उंचावून त्यांनाच ओरडून सांगतात, वाजवा रे वाजवा!

नेहमीच असं नसावं. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव आदरानं घेतलं जातं, त्या महदंबेची ओळख आहे ती तिच्या धवळ्यांमुळे, आणि धवळे म्हणजे लग्नातली गाणी. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंना लग्नाचा खेळ मांडण्याची लहर आली. मग लग्न म्हटल्यावर गाणी हवीत, आणि महदंबेनं रुक्मिणीच्या स्वयंवराचे धवळे गायले. नवरदेव संन्यस्त अवलिया, लग्न लटकं, बिदागीचा प्रश्नच नाही, आणि गाणी मात्र साडेसातशे वर्षं टिकलेली. पालघरकडच्या वारली पाड्यांवर आजही लग्न लावते ती धवलेरी, आणि ती ते गाऊन लावते. तिथे भटजी आणि गाणारीण एकच. तिला गलबला करू नकोस म्हणून कोण सांगणार? ती थांबली तर लग्नच थांबेल.

या सगळ्या विद्वत्तेनंतरही डायरीतलं 'संगीत' हे पान कोरंच होतं. ते भरलं पुतणीनं. हळदीला आणि आदल्या रात्रीच्या नाचाला काय हवं याची यादी तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी केव्हाच मोबाइलवर करून ठेवली होती, त्यात माझी गरज नव्हती. ती फक्त एवढंच म्हणाली, "काका, दारात सनई असू दे. खरी. म्हणजे माणूस वाजवतो ती." मी कारण विचारलं. "सगळ्या कार्यालयांत तीच रेकॉर्ड लावतात. माझ्या तीन मैत्रिणींची लग्नं त्याच रेकॉर्डवर झाली. एकीच्या वेळी ती मध्येच अडकली होती." रेकॉर्ड अर्थातच बिस्मिल्ला खाँसाहेबांची असणार. दारातल्या सनईला त्यांनी मैफलीच्या बैठकीवर नेऊन बसवलं. 1947 साली देश स्वतंत्र होताना लाल किल्ल्यावर ती वाजली, 1959 साली आपल्या वसंत देसाईंच्या 'गूँज उठी शहनाई'तून ती घराघरांत पोचली, 2001 मध्ये तिच्यामुळे भारतरत्न आलं. आणि नशिबाची मौज अशी, की दारातून उठून आत गेलेल्या त्याच सनईचं ध्वनिमुद्रण आता प्रत्येक कार्यालयाच्या दारात बसतं, आणि गावोगावच्या जित्या सनईवाल्याला बसायला ते दारही उरत नाही.

खरी सनई शोधत मी सांगलीहून मिरजेला गेलो. पत्ता सापडेना म्हणून तंतुवाद्यांच्या गल्लीत शिरलो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी 19 व्या शतकाच्या मध्यावर इथे सतारी-तंबोरे घडवायला सुरुवात केली. तलवारीची धार गेली आणि ती सुराला आली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे माळ्यावर उलटे टांगलेले होते, जणू कुणाच्या तरी पोटात अजून न उमटलेले आवाज वाळत घातले आहेत. एक कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवरून कानस इतकी हळू फिरवत होता, की झोपलेल्या माणसाच्या भुवया विंचराव्यात. घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. जवारी काढणं चाललं होतं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवला आणि इतका वेळ मुका वाटणारा तोच सूर एकदम उजळला, फुलबाजी पेटावी तसा. तंबोऱ्यावर कुणी कधी गाणं वाजवत नाही. चार तारांवर तेच ते सूर, जन्मभर. त्या सुरांना झळाळी यावी म्हणून ही अख्खी गल्ली पिढ्यान्पिढ्या डोळे फोडून घेते आहे. मी पत्ता विचारायचं विसरून बराच वेळ उभा राहिलो. मग त्यांनीच विचारलं, "कुणाकडं जायचंय?"

सनईवाले मामा साठीचे, कोरडे, ताठ. त्यांनी हिशेब एका दमात सांगितला. "सनई एक, सूर एक, चौघडा एक. तिघं येणार. सकाळी सातला बसणार, पंगत सुरू झाली की उठणार." शेजारी बसलेले एक अण्णा नुसते मान हलवत होते. तेच सूरवाले. मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. तो संवाद मला शब्दशः आठवतो, कारण त्यातले शब्द फारच थोडे होते.

"सनईवाला कळला, चौघडेवाला कळला. सूरवाला काय करतो?"

"सूर धरतो."

"कुठला?"

"सा."

"मग?"

"मगही सा."

"किती वेळ?"

"सात ते साडेबारा. मध्ये चहाला थांबतात."

दादा गप्प. आमच्या घराण्यात गप्प बसणं म्हणजे आकडेमोड. "त्याचे किती?"

"पंधराशे."

"एका सुराचे?" तो म्हणाला. "अरे, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतं. फुकट. ते लाव आणि दे ठेवून शेजारी."

मी आत गेलो आणि घसा साफ करून, दादाचं नाव पुढे करून, ॲपचा विषय काढला. मामा रागावले नाहीत. त्यांनी सनई उचलली आणि एक छोटी जागा वाजवून दाखवली. चांगली होती, पण कुठेतरी उघडी पडल्यासारखी. मग त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आपली सनई ओठाला लावली, गाल फुगले, आणि तो एकटा 'सा' खोलीत आला. मामांनी तीच जागा पुन्हा वाजवली. काय बदललं ते मला सांगता येणार नाही, पेटी मला सव्वा महिनाच आली होती. एवढंच कळलं, की मघाशी जी ओळ हवेत लोंबकळत होती तिला आता टेकायला काहीतरी मिळालं. मामांनी सनई खाली ठेवली. "सूर नसंल तर कसं हाय बघा. खुंटी हाय, सदरा हाय, पर भिंतच न्हाई." अण्णा अजून वाजवतच होते. नाकानं श्वास आत, त्याच वेळी गालांतली हवा बाहेर, मध्ये खंड म्हणून नाही. थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलो आणि कसं कोण जाणे, आईची आठवण आली. आमच्या आईला गाता येत नव्हतं, भाषण करता येत नव्हतं, भांडताही फारसं येत नसे. संध्याकाळी दाराची कडी वाजली की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "आलास का?" एवढंच. आपण आलेलोच असायचो, नाहीतर कडी कुणी वाजवली असती? त्यामुळे तिला उत्तर द्यावं असं कुणाला वाटलं नाही. वडिलांची करडी तान, दादाची द्रुत लय, माझ्या बेसूर हरकती, सगळं तिच्या त्या दोन शब्दांच्या अंगावर चालायचं. ती गेली त्या वर्षी घरात काहीच बदललं नव्हतं. भांडी तीच, माणसं तीच, खिडकीतला उजेड तोच. पण दादा एकदा कामावरून आला, बूट न काढता दारात उभाच राहिला, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काही नाही. काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय."

बस सांगलीला पोचायच्या आधी मी मामांना फोन करून तिघांचं पक्कं केलं. अण्णांचे पंधराशे माझ्या खिशातून द्यायचे ठरवून चुलतभावाला तसं सांगितलं. त्याला रिकामी ओळ सहन होत नाही. त्यानं वहीत लिहिलं, 'फुलं, किरकोळ : 1500', आणि कंसात माझं नाव.

लग्नाच्या दिवशी तिघं पावणेसातलाच हजर. कार्यालयाच्या दाराशी त्यांच्यासाठी सतरंजी होती, मात्र मांडवाच्या कमानीला लावलेल्या थर्माकोलच्या हत्तीमागे. हत्ती हलवता येणार नव्हता, कारण त्याचं भाडं तिघांच्या बिदागीहून जास्त होतं. भैरव सुरू झाला. पाहुणे येऊ लागले. कुणी सनईशेजारी चपला काढून ठेवल्या, कुणी चौघड्यावर आहेराची पिशवी टेकवली, वर फोटोवाल्याचा ड्रोन घोंघावत राहिला, ज्याचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. एक गृहस्थ तर ऐन आलापात मामांपाशी वाकले आणि बाथरूम कुठे आहे म्हणून विचारू लागले. मामांनी आलाप न तोडता सनईचं पितळी तोंड अलगद डावीकडे वळवलं. गृहस्थ डावीकडे गेले. भैरवातून मिळालेलं इतकं अचूक मार्गदर्शन मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आत्या आली ती चुलतभावाच्या नातवाला मांडीवर घेऊन, चार महिन्यांचं पोर. आत उकडतंय म्हणून तिनं खुर्ची नेमकी हत्तीमागे ओढून घेतली, अण्णांपासून दोन हातांवर. मी म्हटलं, "अगं, इथे चौघडा आहे, उठेल ते." ती म्हणाली, "बघू." पोर झोपलं. चौघडा घुमला, झोपलंच होतं. मंगलाष्टकं झाली, तिसऱ्या मावशीचा आवाज शेवटच्या ओळीत छपराला टेकला, झोपलंच होतं. मुहूर्ताला सगळा मांडव ओरडला, टाळ्या, फटाके, अक्षतांचा वर्षाव. त्याच्या कपाळावर दोन तांबडे तांदूळ पडले, तरी ओठ तेवढे हलले आणि झोप पुढे चालू.

मग गर्दी आत जेवणाकडे वळली. मामांनी सनईची पत्ती बदलायला घेतली, चौघडेवाल्यानं घाम पुसला. गाणं थांबलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, खरं म्हणजे माझ्याही नाही, कारण अण्णांचा 'सा' चालूच होता. दोन मिनिटं, तीन मिनिटं. भोवती काहीच नसताना तो एकटा सूर रिकाम्या अंगणात संध्याकाळी लावून ठेवलेल्या दिव्यासारखा तेवत होता. शेवटी कार्यालयाचा पोऱ्या येऊन म्हणाला, "चला, पान मांडलंय." अण्णांनी सनई ओठांवरून काढली.

पोरानं डोळे उघडले. एकदा छपराकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि असा काही टाहो फोडला की पंगतीत वाढणारे थबकले. आत्या गडबडून उभी राहिली, इकडे तिकडे पाहू लागली. "काय रे, काय बंद पडलं?" ती मला विचारत होती. "पंखा गेला का?"

पंखा गरगर फिरत होता.

वाजंत्री शेवटच्या पंगतीला, ही आपली जुनी रीत. निदान त्या दिवशी तरी मी ती मोडली आणि तिघांना पहिल्याच पंगतीत बसवलं. पाकीट द्यायला गेलो तेव्हा अण्णांनी हात धुवून ते न उघडताच बंडीत टाकलं. दिवसभरात मी त्यांच्या तोंडून एकही शब्द ऐकलेला नव्हता. आता त्यांनी हळूच विचारलं, "पोरगं उठलं न्हवं?"

"उठलं," मी म्हणालो.

"दोन तास बघत हुतो त्याच्याकडं," अण्णा म्हणाले. "थांबायचं जिवावर आलं हुतं. पर काय करता, भूक लागली."

मी वाढप्याच्या हातातलं ताट घेतलं आणि त्यांच्या पानात आणखी दोन जिलब्या वाढल्या. हिशेबात त्या कुठे धरायच्या, ते चुलतभाऊ बघेल.